न बदललेल्या तारा

माझा थोरला मामा ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवायचा. गणेशोत्सवात आणि लग्नसराईत त्याला उसंत नसे, उरलेलं वर्षभर तो बँकेत नोकरी करी. गायक पुढे, ढोलकी-बाँगोवाले त्यांच्या बाजूला, आणि मामा मागे, पडद्याला टेकून. लहानपणी मला त्याची बास ऐकू आल्याचं आठवत नाही. छातीत काहीतरी हलायचं, एवढं आठवतं. तो थांबला की गाणं पोकळ वाटायचं, तेव्हा कळायचं की तो वाजवत होता.

मामा गेल्यावर दोन वर्षांनी मामीने ती बास मला दिली. जपानी बनावटीची, जहाजावर नोकरी करणाऱ्या कुणाकडून मामाने सत्तरच्या दशकात घेतलेली. मी स्वतः हौशी वाजवणारा. माझ्याकडे नवी बास आहे, तिच्या तारा खरखरीत आणि चकचकीत. मामाच्या बासच्या तारा मात्र काळपट पडलेल्या, आणि बोट फिरवलं तर गुळगुळीत, जणू रेल्वेचा रूळ. छेडल्यावर एकच भरीव ठोका यायचा आणि विरायचा. नव्या बासची तार झणझणते, ही नुसती हुंकार देई.

पुण्यातल्या ज्या कारागिराकडे मी ती घेऊन गेलो त्याने चारही तारा अंगठ्याने एकदा वाजवल्या आणि म्हणाला, ‘‘साहेब, तारा मेल्यात. बदलून टाकू. राउंड टाकू का फ्लॅट?’’

मी म्हटलं, ‘‘विचार करून सांगतो.’’ तो विचार वर्षभर पुरला. कुणी मुद्दाम मंद वाजणारी तार का निवडावी, या प्रश्नामागे जात जात मी व्हिएन्ना, कॅलिफोर्निया, डेट्रॉइट आणि लंडन असा फिरून आलो, अर्थात पुस्तकांतून आणि ध्वनिमुद्रणांतून. त्या फिरण्याचा हा वृत्तांत.

१

आधी तारेविषयी. तार कोणत्या सुरात वाजेल हे तीन गोष्टींवर ठरतं : लांबी, ताण आणि दर हाताला तिचं वजन किती. मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६३६ साली हा नियम ग्रंथात मांडला. सूर खाली न्यायचा तर तार लांब करा, सैल करा, नाहीतर जड करा.

बास गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. आपल्या वाचकांना अंदाज यावा म्हणून सांगतो : काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ कंपनांचा असतो. बास त्याच्याही बरीच खाली उतरते, आणि तेही अवघ्या ३४ इंचांच्या, म्हणजे ८६ सेंटिमीटरच्या तारेवर. साध्या पोलादी तारेने हे साधायचं ठरवलं तर नेहमीच्या ताणाला जवळजवळ अडीच मिलिमीटर जाडीची सळई लावावी लागेल. सळई गात नाही. ती ताठ असते, आणि ताठ तारेचे वरचे स्वरांश आपली जागा सोडून चढे होतात. सूर बेसूर वाटू लागतो.

यावरची युक्ती सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात रूढ झाली. बारीक, लवचीक गाभा घ्यायचा आणि त्यावर धातूची तार गुंडाळत न्यायची. वजन वाढतं, लवचिकपणा टिकतो. त्या काळी गाभा मेंढ्याच्या आतड्याचा असे आणि वेटोळं चांदीचं. आजच्या बासच्या तारेत गाभा पोलादाचा असतो, त्यावर वेटोळ्यांचे एकावर एक थर असतात. सगळा वाद आहे तो सर्वांत बाहेरच्या थराचा.

बाहेरचं वेटोळं गोल तारेचं असेल तर ती राउंडवाउंड. तिच्यावर बोट फिरवलं की कानशीसारखे बारीक उंचवटे लागतात. बाहेरचं वेटोळं चपट्या फितीचं असेल तर ती फ्लॅटवाउंड. फितीच्या कडा एकमेकींना भिडलेल्या असतात, म्हणून पृष्ठभाग सपाट लागतो. तिसरा एक मधला प्रकार आहे : गोल वेटोळं घालून मग ते घासून अर्धवट सपाट करायचं. चौथ्यात वरून नायलॉनची काळी फीत असते.

फरक नुसता स्पर्शाचा नाही. चपट्या फितीची तार वाकायला अंगानेच कमी राजी असते, आणि भिडलेल्या फितींच्या घर्षणात कंपनाची बारीक झिलई जिरून जाते. मूळ सूर राहतो, त्याच्या वरचे स्वरांश लवकर विझतात. राउंडवाउंडमध्ये ते बराच वेळ झगमगत राहतात.

इथे मला पहिल्यांदा थबकायला झालं. आपल्याकडे तारेची सगळी विद्या नेमकी उलट्या दिशेने गेलेली आहे. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीला जवारी काढतो ती कशासाठी? खर्जातून वरचे स्वरांश उमलून यावेत, गंधार ऐकू यावा म्हणून. घोडीच्या पृष्ठभागाला तो अशी बाकदार उतरण देतो की तार तिला जेमतेम घासत राहते, आणि मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून तो नेमका बिंदू शोधतो. ज्या संगीतात एकच स्वर तासभर आधार देणार, त्यात त्या स्वराच्या पोटातलं सगळं बाहेर यायला हवं. मग दुसऱ्या टोकाला जाऊन तारेचं तोंड दाबणारी माणसं कोण होती, आणि त्यांना काय हवं होतं?

२

खरं उत्तर जरा निराशाजनक आहे : सुरुवातीला त्यांना निवडच नव्हती.

अमेरिकेतल्या नाचगाण्याच्या वाद्यवृंदात खालचा सूर डबल बास सांभाळत असे. माणसाहून उंच, मोटारीच्या टपावर बांधून न्यावं लागणारं, आणि ट्रम्पेट-ड्रमच्या गदारोळात ऐकूच न येणारं ते वाद्य. सिएटलमधल्या पॉल टटमार्क याने १९३०च्या दशकातच आडवी धरून वाजवायची, पडदे असलेली विजेवरची बास बनवून पाहिली होती, पण ती फारशी चालली नाही. चालली ती १९५१ मध्ये लिओ फेंडर याने बाजारात आणलेली. फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा. स्वतः गिटार वाजवता न येणारा. त्याने बासला गिटारसारखे पडदे बसवले, म्हणजे सूर अचूक लागणार, म्हणून नाव ठेवलं ‘प्रिसिजन’. ३४ इंचांची लांबी त्यानेच रूढ केली.

तारा कुठून आणायच्या? असं वाद्य आधी नव्हतंच, तर त्याच्या तारा कुठून असणार? लोहचुंबकाच्या पिकपला पोलाद किंवा लोखंड लागतं. नुसत्या आतड्याच्या तारेचा त्याला पत्ताच लागत नाही. मिशिगनमधल्या व्ही. सी. स्क्वायर या जुन्या कंपनीने फेंडरला तारा पुरवल्या. पुढे १९६५ मध्ये फेंडरने ती कंपनीच विकत घेतली. स्क्वायरचा मूळ धंदा व्हायोलिन वगैरेंच्या तारांचा, आणि गजाने वाजवायच्या वाद्याला तार सपाटच लागते, नाहीतर गज अडखळेल. व्हिएन्नात फ्रान्झ थोमास्टिक याने १९१९ च्या सुमारास पोलादी गाभ्याच्या तारांचा उद्योग उभारला होता, त्यांवरही चपटी फीतच असे. तर बासला सपाट तार मिळाली ती व्हायोलिनच्या घराण्याकडून, वारशाने.

फेंडरला त्यात काही खटकलं नाही, कारण त्याला नवा आवाज काढायचाच नव्हता. त्याला डबल बासचाच ठोका हवा होता, फक्त मोठा आणि मोटारीच्या मागच्या सीटवर मावणारा. म्हणून त्याने घोडीवर जी धातूची झाकणी बसवली तिच्या आत तारांना टेकणारा मऊ तुकडा चिकटवला. आधीच लवकर विझणारी तार त्याने आणखी लवकर विझवली. आज बहुतेक वादक ती झाकणी काढून फेकतात. मामाच्या बासवरची झाकणी जागेवर होती, हे मी कारागिराच्या टेबलावर पाहिलं होतं. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता.

वाद्य पसरलं ते वादकांमुळे. लायोनेल हॅम्पटनच्या वाद्यवृंदात मंक माँटगमेरीने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ती वाजवली. पुष्कळ वर्षं लोक बास गिटारला नुसतं ‘फेंडर बास’ म्हणत.

३

डेट्रॉइट शहरातल्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर २६४८ क्रमांकाचं एक साधं घर आहे. बेरी गॉर्डी याने घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन १९५९ मध्ये रेकॉर्ड कंपनी काढली, तिचा स्टुडिओ या घरात होता. कंपनीचं नाव पुढे मोटाउन झालं. काळ्या गायकांची गाणी गोऱ्या अमेरिकेच्या दिवाणखान्यात पोचवणारी ही कंपनी. पण गायक बदलत, मागचे वादक बहुधा तेच असत. त्यांत बास वाजवणारा होता जेम्स जेमरसन.

जेमरसनचा जन्म १९३६ चा, साउथ कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावरचा. १९५४ मध्ये तो डेट्रॉइटला आला आणि शाळेत डबल बास शिकला. जॅझचा माणूस. मोटाउनची सुरुवातीची गाणी त्याने डबल बासवरच वाजवली. मग फेंडरची प्रिसिजन हाती घेतली तरी हात डबल बासचाच राहिला : उजव्या हाताची फक्त तर्जनी तो वापरत असे. या एका बोटाला पुढे वादकांनी ‘हुक’ म्हणजे ‘आकडा’ असं नाव ठेवलं. त्याच्या हातात जास्तीत जास्त काळ राहिली ती १९६२ ची प्रिसिजन. तिच्यावर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा होत्या. सर्वांत बारीक तार इंचाच्या ५२ हजारांश, सर्वांत जाड ११० हजारांश. झाकणीखालचा मऊ तुकडाही जागेवर. आणि तारा तो बदलत नसे. तुटली तर तुटलेली एक बदलायची. त्याची अशी धारणा होती की त्या मळातच सगळी मजा आहे.

ही लहर नव्हती, हे त्याचं वाजवणं ऐकल्यावर कळतं. जेमरसन एका मात्रेत चार-चार स्वर भरतो, मधले उतरते-चढते स्वर जोडत जातो, ठेक्याच्या पुढे-मागे रेंगाळतो. हे सगळं राउंडवाउंडवर वाजवलं तर चिखल होईल, कारण आधीचा स्वर विझायच्या आत पुढचा येऊन आदळेल. सपाट, जुन्या, मळलेल्या आणि दाबलेल्या तारेवर प्रत्येक स्वर उमटतो आणि मागे जागा सोडून जातो. तबलजी बायाँवर तळहात ठेवून घुमारा कापतो, तशी ती मोकळी जागा असते. तिच्यात ड्रम आणि गायक दोघंही मावतात. आस कमी असणं ही इथे उणीव नाही. गर्दीच्या गाण्यात तीच सोय आहे.

म्हणजे वारशाने, नाइलाजाने आलेली तार या माणसाने निवड करून टाकली. निवड अशीही होते : मिळालेलं टाकून न देता त्याचा अर्थ शोधून.

जेमरसन एकटा नव्हता. मेम्फिसला डोनाल्ड ‘डक’ डन सपाट तारांवरच वाजवत होता. लॉस एंजेलिसला कॅरल के ही, मुळात गिटार वाजवणारी, साठच्या दशकात बासकडे वळलेली बाई. ती नखीने वाजवी आणि घोडीजवळ तारांवर फेल्टचा तुकडा ठेवी; बीच बॉइजच्या १९६६ च्या ‘पेट साउंड्स’मध्ये तिची बास आहे. लिव्हरपूलच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हँबुर्गला सुमारे ३० पौंडांना व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर बास घेतली, तीही सपाट तारांची. साठच्या दशकातलं जे पाश्चात्त्य गाणं आपल्या कानात बसलं आहे, त्याच्या तळाशी बहुतेक वेळा हीच तार आहे.

आणि या लोकांची नावं? मोटाउनच्या रेकॉर्डवर वादकांची नावं छापत नसत. मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या १९७१ च्या अल्बमच्या वेष्टनावर जेमरसनचं नाव आलं, तोवर तो दहा-बारा वर्षं वाजवत होता. आपल्याला हे ओळखीचं वाटेल. मुंबईच्या सिनेसंगीतात गोव्याहून आलेल्या, स्टाफ नोटेशन वाचणाऱ्या वादकांनी आणि अरेंजरांनी वर्षानुवर्षं तो डोलारा पेलला. अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसूझा ही त्यांतली आज थोडी तरी माहीत असलेली नावं. राहुलदेव बर्मनच्या वाद्यवृंदात बास गिटार वाजवणाऱ्या टोनी वाझचं नाव किती रसिकांना सांगता येईल? ग्रेगरी बूथ या संगीत-अभ्यासकाने या वादकांना भेटून २००८ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, त्याचं शीर्षकच ‘पडद्यामागे’ अशा अर्थाचं आहे. ते वाचताना मला मंडपाच्या पडद्याला टेकून उभा असलेला मामा दिसत राहिला.

४

बंड झालं ते लंडनमध्ये. ‘द हू’ या चमूचा बासवादक जॉन एंटविसल याला मागे राहायचं नव्हतं. १९६५ च्या ‘माय जनरेशन’ या गाण्यात चक्क बासचे एकल तुकडे आहेत. त्यासाठी झणझणीत आवाज हवा म्हणून त्याने बारीक, गोल वेटोळ्यांच्या तारांची डॅनइलेक्ट्रो बास आणली. तार तुटली, लंडनमध्ये तसली सुटी तार मिळेना, म्हणून त्याने एका तारेसाठी अख्खी दुसरी बास घेतली. ती तुटल्यावर तिसरी. शेवटी कंटाळून त्याने ते तुकडे फेंडरवर, सपाट जातीच्याच तारांवर ध्वनिमुद्रित केले. बंडाचं पहिलं गाणं जुन्याच तारेवर वाजलं.

पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, तो जेम्स हाउ या तारा बनवणाऱ्याकडे गेला. हाउची गोष्टही मजेची. ‘द थर्ड मॅन’ या १९४९ च्या, व्हिएन्नात घडणाऱ्या चित्रपटातलं झिदर ऐकून तो त्या वाद्याच्या नादी लागला, तारा मिळेनात म्हणून स्वतःच तारा वळायचं यंत्र बनवून बसला, आणि त्यातून रोटोसाउंड ही कंपनी उभी राहिली. एंटविसल आणि हाउ यांनी मिळून बासला पियानोसारखा खणखणीत आवाज देणारी राउंडवाउंड तार तयार केली. सपाट तारेची एक वाट व्हिएन्नाहून निघाली होती. तिला मागे टाकणारी तारही एका परीने व्हिएन्नातल्याच सुरावरून सुचली.

मग दहा वर्षांत चित्र पालटलं. लॅरी ग्रॅहम अंगठ्याने तारा ठोकू लागला; त्या ठोक्याला चमक लागते. जॅको पास्टोरियसने फ्रेट नसलेल्या बासवर राउंडवाउंड चढवल्या. त्या लाकूड खरवडतात म्हणून त्याने पट्टीवर इपॉक्सीचा जाड लेप दिला, आणि १९७६ च्या त्याच्या पहिल्या अल्बमने बासला एकल गाणारं वाद्य करून टाकलं. ध्वनिमुद्रणाची यंत्रं सुधारली, स्पीकर सुधारले, वरचे स्वरांश ऐकू यायची सोय झाली. आता मुकी तार कुणाला हवी?

मोटाउनने १९७२ मध्ये आपला कारभार लॉस एंजेलिसला हलवला. जेमरसनही मागोमाग गेला. तिथे नवे निर्माते होते, त्यांना नवा आवाज हवा होता : राउंडवाउंड, अंगठ्याचे ठोके, साध्या आवर्तनी चाली. जेमरसन बदलायला तयार नव्हता. दारू पूर्वीपासून होती, ती वाढली. कामं आटली. १९८३ च्या मार्चमध्ये मोटाउनच्या पंचविशीचा मोठा सोहळा पॅसाडिनात झाला, तेव्हा तो काळ्या बाजारात तिकीट घेऊन वरच्या सज्जात बसला होता, असं त्याच्याविषयी सांगतात. त्याच सुमारास ती १९६२ ची बास चोरीला गेली. ती आजतागायत सापडलेली नाही. ऑगस्ट १९८३ मध्ये तो गेला, सत्तेचाळीस वर्षांचा होता.

सहा वर्षांनी ॲलन स्लट्स्की याने त्याच्यावर पुस्तक लिहिलं, २००२ मध्ये त्यावरून माहितीपट झाला, दरम्यान २००० साली ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये त्याला जागा मिळाली. आज ला बेला कंपनी त्याच्या मापाच्या जाड तारा त्याच्याच नावाने विकते. जी तार न बदलल्यामुळे त्याची कामं गेली, ती आता नवी कोरी पाकिटात मिळते.

हे वाचून मी हळवा झालो, हे कबूल करतो. पण हट्टाचा गौरव करणं सोपं असतं, विशेषतः दुसऱ्याच्या. जेमरसनचा हट्ट आणि एंटविसलचा हट्ट यांत मला आता डावं-उजवं करता येत नाही. दोघांनाही आपल्या कानातला सूर माहीत होता. एकाचा काळ संपत होता, एकाचा सुरू होत होता, एवढाच फरक.

५

सपाट तार संपली मात्र नाही. बॉब मार्लीच्या मागे ॲस्टन बॅरेटची बास तिच्यावरच घुमत राहिली. रेगेचा तो पोटात बसणारा खर्ज तिच्याशिवाय कल्पनेत आणता येत नाही. ज्यांच्याकडून अजिबात अपेक्षा करणार नाही अशा हेवी मेटलमध्ये, आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस सपाट तारा वापरतो. पण तो दर कार्यक्रमाला नवा संच चढवतो. नव्या सपाट तारेत थोडी चमक असते, ती दोन-चार तासांच्या घामात उतरते. हॅरिसला ती चमकच हवी. जेमरसन त्याच जातीची तार वर्षानुवर्षं काढत नसे, कारण त्याला चमक उतरल्यावरचं हवं होतं. जात एकच, पण दोघांना हवी होती तारेच्या आयुष्यातली वेगळी वेळ.

निवडणाऱ्याला म्हणून तीन-चार गोष्टी पाहाव्या लागतात, त्या इथे नोंदवतो. पहिली ताणाची. प्रत्येक तार गळ्यावर साधारण १५ ते २० किलोंचा ओढा देते, जाड फ्लॅटवाउंड त्याहूनही जास्त. व्हिएन्नाच्या थोमास्टिकच्या सपाट तारा मात्र मुद्दाम कमी ताणाच्या आणि लवचीक असतात. त्यांत सपाट तार असूनही थोडं गाणं शिल्लक राहतं. ज्याच्या बोटाला डबल बासची सवय त्याने ताठ घ्यावी, ज्याला स्वर ओढून घ्यायचा त्याने मऊ. दुसरी मापाची : आखूड, ३० इंची बासला तिच्या लांबीचाच संच हवा, नाहीतर वेटोळ्याचा जाड भाग खुंटीवर वळून तार खराब होते. तिसरी गळ्याची : जाड संच चढवायचा तर मेरूच्या खाचा आणि गळ्यातली पोलादी कांब, दोन्ही नव्याने जुळवाव्या लागतात. चौथी सबुरीची. राउंडवाउंड तार पहिल्या दिवशी सर्वांत चांगली असते आणि मग उतरत जाते. वादक ती पाण्यात उकळून मळ काढून पुन्हा वापरतात. फ्लॅटवाउंड पहिल्या दिवशी परकी वाटते, काही महिन्यांनी आपली होते. तिला बूट मुरतात तसं मुरू द्यावं लागतं.

६

वर्षभराने मी मामाची बास घेऊन पुन्हा त्या कारागिराकडे गेलो. या वेळी मला काय पाहायचं ते माहीत होतं. झाकणी काढली. आत, चारही तारांखाली, हवाई चपलेच्या पट्ट्याएवढा निळसर रबराचा तुकडा चिकटवलेला होता. कंपनीने दिलेला मऊ तुकडा कधीच झिजून गेला असणार, त्या जागी मामाने चपलेचं रबर कापून बसवलं होतं. मग भिंगातून तारा पाहिल्या. जाड तीन तारा फ्लॅटवाउंड, टोकांना एकाच रंगाचा रेशमी दोरा. चौथी, बारीक तार मात्र वेगळी निघाली, दोऱ्याचा रंगही वेगळा. ती राउंडवाउंड होती. जिथे उजव्या हाताचं बोट पडतं तेवढ्या टीचभर भागात तिचे उंचवटे आडव्या ओरखड्यांनी घासलेले होते. पॉलिशपेपरने घासावेत तसे.

कारागीर हसला. ‘‘तुटली असणार. त्या वेळी सपाट मिळाली नसेल. मिळाली ती लावली आणि घासून बाकीच्यांत बसवली.’’

मामाने जेमरसनचं नाव ऐकलं होतं का, याचा मागमूस त्याच्या कागदांत नाही. त्याच्याकडे अमेरिकेतून आलेलं पुस्तक नव्हतं, ला बेलाचा संच मागवायची सोय नव्हती. तुटलेली तेवढीच बदलावी आणि बाकीच्यांना हात लावू नये, हे मात्र तो त्याच्या वाटेने चालत जाऊन शिकला होता. मी ‘मेलेल्या तारा’ समजत होतो, त्या त्याने राखलेल्या होत्या.

गळा ओढ्याने थोडा वाकला होता, म्हणून तारा उतरवणं भाग होतं. ‘‘कापू नका,’’ मी म्हटलं. कारागिराने त्या एकेक सैल करून अखंड काढल्या, गळा सरळ केला, आणि त्याच तीन तारा पुन्हा चढवल्या. चौथी सपाट तार मी नवी आणली होती. ती हातात घेऊन बराच वेळ उभा राहिलो आणि परत पाकिटात ठेवली. घासलेलीच लावायला सांगितलं.

त्या संध्याकाळी मामीकडे बास नेली. छोट्या ॲम्प्लिफायरला जोडून ऑर्केस्ट्राच्या जमान्यातल्या एका गाण्याची चाल धरली. आवाज हुबेहूब तोच होता, छातीत हलणारा. मामी आतल्या खोलीत भाजी निवडत होती. बाहेर आली, दारात उभी राहून थोडा वेळ ऐकलं.

‘‘आवाज त्याचाच आहे,’’ ती म्हणाली. मग जरा थांबून, ‘‘पण तू घाई करतोस. तो शेवटचा ठोका उशिरा टाकायचा.’’

मी पुन्हा सुरुवात केली. ती तिथेच उभी राहिली, हातात मेथीची जुडी घेऊन, आणि शेवटच्या ठोक्याला दर वेळी मान हलवून मला सांगत राहिली : अजून नाही.